सावरीच्या हातातली नसलेली पन्नी

साठीला टेकलेलं वय असताना मी लाल केसांची, तलवार चालवणारी तरुण मुलगी झालो, याबद्दल आमच्या कॉलनीत जे बोललं जातं त्यातलं निम्मंच खरं आहे. मी साडी नेसून गच्चीवर उड्या मारल्या, ही गोष्ट धादांत खोटी आहे. मी पँट-शर्टात होतो, शर्ट खोचलेला होता आणि वर पट्टाही होता. उडी मारली ती विटेवरून, पाण्याच्या टाकीवरून नव्हे. आणि जिला लोक तलवार म्हणतात ती आमच्या हॉलमधल्या पडद्याची दांडी होती. तसा माझा जबाब पोलीस चौकीत लिहून घेतलेला आहे, ज्याला शंका असेल त्याने जाऊन बघावा.

मी उत्तमराव निंभोरकर. अमरावतीतल्या एका सरकारी कचेरीतून अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. अधीक्षकाला नोकरीत कधी पळावं लागत नाही, लोकच त्याच्याकडे पळत येतात. त्यामुळे पळणं, उडी मारणं, हवेत कोलांटी घेऊन राक्षसाचं मुंडकं उडवणं, यातलं काहीही माझ्या सेवापुस्तकात नव्हतं. हे सगळं आमच्या रागिणीमुळे झालं.

रागिणी ही आमची एकुलती एक मुलगी. पुण्याच्या एका कंपनीत संगणकाच्या कामावर होती. उन्हाळ्याच्या तोंडाशी दोन बॅगा घेऊन घरी आली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "बाबा, मी गेम बनवून राहिली." मला वाटलं मुलगी थकली आहे, चार दिवस झोपेल आणि जाईल. पण तिने कंपनीकडून बिनपगारी रजा घेतली होती. दसऱ्यानंतर एकतर परत रुजू व्हायचं, नाहीतर राजीनामा द्यायचा. त्याआधी नागपूरला असे गेम बनवणाऱ्यांचा मेळा भरणार होता. तिथे 'सर्व वयांसाठी' या विभागात तिच्या गेमची निवड झाली, तर मुंबईचे एक प्रकाशक तो बाजारात आणणार होते आणि मग ती इथेच, आमच्या वरच्या खोलीत बसून काम करणार होती. निवड झाली नाही तर पुणे.

मी चारचौघांत "पुणंच बरं, पक्की नोकरी आहे" असं म्हणत असे. बापाला तसं म्हणावं लागतं. पण खरं सांगायचं तर मला ती घरात हवी होती. ती आल्यापासून वरच्या खोलीतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला तरी मला बरं वाटायचं. हे मी कोणालाही सांगितलं नाही, बायकोला तर नाहीच, कारण तिने ते लगेच रागिणीला सांगितलं असतं.

आता गेमबद्दल. लहानपणी ही मुलगी दुपारी शाळेतून आली की टीव्हीवर जपानी कार्टूनं बघत बसायची. त्या मुलींचे डोळे अर्ध्या तोंडाएवढे आणि नाक म्हणजे नुसता ठिपका. तशीच एक मुलगी तिने काढली होती. शेताच्या बांधावरची सावर फुलली की जशी दिसते तसे लाल केस, म्हणून तिचं नाव सावरी. हातात तलवार. ही सावरी पडद्याच्या डावीकडून उजवीकडे पळते, वाटेत पडके बुरूज लागतात, खड्डे लागतात, राक्षस लागतात. खड्ड्यावरून उडी मारायची, राक्षसाला कापायचं आणि पुढे जायचं. शेवटी एक अगडबंब राक्षस असतो, तो मेला की नवं गाव. मला हे लगेच कळलं, कारण आमच्या कचेरीत फाइल अशीच जायची. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, आणि शेवटच्या टेबलावर तो. फरक इतकाच की आम्हाला तलवार दिलेली नव्हती.

अडचण अशी होती की सावरी पळत नव्हती, घसरत होती. फरशीवर साबणाचं पाणी सांडावं आणि त्यावरून कोणी जावं, तशी ती बुरुजावरून जायची. रागिणीने सांगितलं की जुन्या काळी असे गेम करणारे लोक खऱ्या माणसाला पळायला लावत, त्याचं बाजूने चित्रीकरण करत आणि मग एकेका चित्रावरून आकृती गिरवत. तिलाही तसंच करायचं होतं. फक्त एक माणूस पाहिजे होता.

शेजारच्या रूपालीला विचारलं, ती कॉलेजात खो-खो खेळलेली. तिचा होकार आला, पण तिचे सासरे डोमाजी गावंडे मध्ये पडले. डोमाजी एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले आहेत आणि अजूनही कोणतीही गोष्ट सुटण्याआधी तिची घोषणा त्यांनाच करायची असते. सून गच्चीवर तलवार घेऊन पळाली तर लोक म्हणतील सासरा छळतो, असं त्यांचं म्हणणं. आमची वनमाला म्हणजे माझी बायको, तिच्या गुडघ्यांनी आधीच नकार दिलेला. मग रागिणीने माझ्याकडे पाहिलं. बापाला मुलीने तसं पाहिलं की अधीक्षकपण कुठल्या कुठे जातं. मी म्हणालो, पळण्यात काय एवढं.

पहिल्या दिवशी गच्चीवर आम्ही दोघंच होतो. दुसऱ्या दिवशी आजूबाजूच्या गच्च्यांवर वाळवण घालायला एकदम फार बायका निघाल्या. डोमाजी खुर्ची घेऊन आले आणि त्यांनी सल्ले सुरू केले. मी गुडघा वर घेत नाही, मी उडी मारण्याआधी मागून गाडी येते का ते बघतो, मी तलवार भाजीच्या पिशवीसारखी धरतो. तिसऱ्या दिवशी "सायेब, राक्षसाकडे रागानं पाहा ना, पेन्शनच्या खिडकीवर पाहता तसं" असं त्यांनी सुचवलं आणि तेवढा एक वार खरंच चांगला गेला. इतका चांगला गेला, की दांडी हातातून सुटली आणि वनमालाने पहाटेपासून खपून घातलेल्या ओल्या कुरडयांच्या दोन ओळी आडव्या झाल्या. त्या दिवशी राक्षस कोण हे ठरवायला गेम लागला नाही.

त्यातच मागच्या गल्लीतून कोणीतरी चौकीला फोन केला, की एक वयस्कर इसम गच्चीवर तलवार परजत आहे आणि ओरडत आहे. हवालदार आले. दांडी त्यांनी दोन्ही हातांनी तोलून पाहिली, टेपने मोजली, तिच्या टोकांची पितळी बोंडं फिरवून पाहिली आणि ही पडद्याचीच कशावरून, असं विचारलं. मी पडदा आणून दाखवला. मग तो दांडीवर बसवून दाखवा म्हणाले. बसवला. मग मी दांडी, पडदा आणि अधीक्षकपदाची सगळी प्रतिष्ठा घेऊन त्यांच्याबरोबर चौकीत गेलो आणि 'सदर वस्तू पडद्याची असून ती केवळ मुलीच्या आग्रहावरून उगारण्यात आली' असा जबाब दिला. मसुदा माझाच होता. हवालदारांनी तो फार चांगला आहे असं म्हटलं, हे इथे नमूद करतो.

एवढं सगळं सोसून पावसाळा सरता सरता गेम तयार झाला. रागिणीने तो हॉलमधल्या टीव्हीवर लावला आणि शेजाऱ्यांना चहाला बोलावलं. बटणांचं ते यंत्र डोमाजींच्या हातात दिलं. सावरी धावली. आणि खोलीत सगळ्यांनी एकदम माझ्याकडे वळून पाहिलं.

मुलीचे केस उडत होते, डोळ्यांत तेज होतं, कंबर मुठीत मावेल एवढी होती, आणि चाल माझी होती. पायाचे पंजे बाहेर फाकलेले, मान जरा पुढे, आणि पळताना डावा हात छातीवर. मी पळताना खिशातला पेन आणि चष्मा पडू नये म्हणून हात ठेवतो. सावरीला खिसा नव्हता, पण हात होता. रूपाली पदरात तोंड घालून हसली. "हे त आपले सायेबच हाय," डोमाजी म्हणाले, "केसं तेवढे वाढले." मी अपमान गिळला. मुलीच्या कामासाठी बापाने एवढं करायलाच हवं, असं मनाशी म्हणत मी बशीतला चिवडा उचलला.

मग चहा आला. डोमाजींनी यंत्र खाली ठेवलं आणि कप उचलला. खेळणारा थांबला की सावरीही थांबते. ती एका पडक्या बुरुजावर उभी राहिली, तलवार कमरेला लावली, जरा इकडेतिकडे पाहिलं, आणि मग डावा तळवा खाली, उजवा तळवा वर धरून ती दोन्ही हातांमध्ये काहीतरी गोल गोल घोटायला लागली. घोटता घोटता थांबली. तळव्यावर दोन थापा मारल्या. पुन्हा घोटायला लागली.

आमच्या भागात हे काय आहे ते शाळेतल्या मुलालाही सांगावं लागत नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून तळहातांत घोटतात, त्याला खर्रा म्हणतात. सावरीच्या हातात पन्नी नव्हती, सुपारी नव्हती, तंबाखू नव्हता. फक्त घोटणं होतं. पण ते इतकं बिनचूक होतं की खोलीतल्या प्रत्येकाला ती पन्नी दिसली.

"खर्रा घोटून राहिली," डोमाजी हळूच म्हणाले. वनमाला ट्रे घेऊन उभी होती. तिने तो टेबलावर ठेवला आणि ती आत निघून गेली.

खर्रा मी सोडला होता. खरोखर सोडला होता. मध्यंतरी माझं तोंड पुरतं उघडेनासं झालं, दोन बोटंही आत जाईनात, तेव्हा डॉक्टरांनी जे सांगितलं ते वनमालाने ऐकलं आणि दवाखान्याच्या पायरीवर बसून रडली. त्या दिवसापासून मी पुडीला हात लावलेला नाही. पण हातांना हे कोणी सांगितलं नव्हतं. रागिणी गच्चीवर मोबाइलचा स्टँड नीट करत असताना मी नुसता उभा होतो, तेव्हा माझे रिकामे हात आपलं जुनं काम करत राहिले आणि कॅमेरा चालूच होता. मी हे सगळं वनमालाला स्वयंपाकघरात जाऊन समजावलं. ती म्हणाली, रिकामा हात कोणी घोटत नाही. तिने माझ्याशी बोलणं टाकलं आणि त्या आठवड्यात माझे सगळे शर्ट हुंगून मग धुवायला गेले.

मी रागिणीला ते काढून टाकायला सांगितलं. ती म्हणाली, नाही काढणार. तिला ते घोटणं आवडलं होतं. ते काढून ती मला दाखवतही होती: बघा, आता सावरी थांबली की नुसती भिंतीवरच्या फोटोसारखी उभी राहते, जिवंतच वाटत नाही. माझी बदनामी होते त्याचं काय, असं विचारलं तर म्हणाली, तुमचं नाव कुठे लिहिलं आहे त्यावर. चाल असताना नाव कशाला पाहिजे, हे तिला कळेना.

आणि मग नागपूरहून मेल आला. मेळ्याच्या छाननीवाल्यांनी गेम बघितला होता. शेकडो राक्षसांची मुंडकी उडतात, एकाचं पोट फाडून त्यातून किल्ली काढावी लागते, यावर त्यांची काही हरकत नव्हती. राक्षसांचं रक्त हिरवं असल्यामुळे ते सर्व वयांना चालतं, असं नियमात आहे. त्यांनी एवढंच विचारलं होतं, की नायिका उभी असताना तंबाखूजन्य पदार्थ तयार करताना दिसते काय? तसं असेल तर गेम 'सर्व वयांसाठी' विभागात घेता येणार नाही. मेळ्याच्या दिवशी समक्ष खुलासा करावा. छाननी करणारा माणूस नक्की आमच्याच बाजूचा असणार, मुंबईच्या माणसाच्या बापाला हे दिसलं नसतं.

मी म्हणालो, आता तरी काढ. रागिणी जागची हलली नाही. हट्टीपणा तिने आईकडून घेतला आहे, असं मी त्या वेळी म्हणालो आणि वनमालाने कितीतरी दिवसांनी माझ्याशी पहिलं वाक्य बोलायचं ठरवलं होतं, ते रद्द केलं.

पण मी सरकारी माणूस. जगातली कुठलीही अडचण प्रमाणपत्राने सुटते, यावर माझी श्रद्धा आहे. सावरीच्या हातात तंबाखू नाही असं कोणीतरी शिक्क्यानिशी लिहून दिलं की झालं. अमरावतीत ओळखीच्या माणसांसमोर ही गोष्ट काढायची लाज वाटली, म्हणून अकोल्याच्या एका कचेरीत जायचं ठरवलं, जिथे असल्या पदार्थांची तपासणी होते. डोमाजी तज्ज्ञ म्हणून सोबत आले. बस मूर्तिजापूरला बराच वेळ थांबली, तर हे खाली उतरून ती सुटायची घोषणा करू लागले आणि त्या घोषणेवर विश्वास ठेवून दोन प्रवासी नागपूरच्या गाडीत चढले. ते कुठे उतरले असतील हे मला अजून कळलेलं नाही.

कचेरीतले साहेब फार सभ्य होते. त्यांनी अर्ज वाचला, पुन्हा वाचला आणि म्हणाले, "आमी असलेल्याचं लिहून देतो, निंभोरकर साहेब. नसलेल्याचं कसं लिहायचं? नमुना आणा, तपासतो."

मी म्हणालो की नमुना नाही, हेच तर मला सिद्ध करायचं आहे. ते म्हणाले की नमुनाच नाही तर तपासायचं काय. मला मनातल्या मनात त्यांचं कौतुक वाटलं, कारण मी त्या खुर्चीत असतो तर हेच म्हणालो असतो. शेवटी मी लॅपटॉप उघडून सावरी दाखवली. हळूहळू सगळी कचेरी जमली. दोन टेबलांवरचं काम थांबलं आणि सावरी तिसऱ्या गावापर्यंत गेली. मग ती उभी राहिली, घोटायला लागली आणि कचेरीत दोन तट पडले. निम्म्यांचं मत की खर्राच आहे. निम्म्यांचं मत की खर्राच आहे, पण घोटणी अमरावतीची आहे, अकोल्यात एवढा वेळ कोणी घोटत नाही. साहेबांनी मात्र पडद्याकडे न बघता माझ्या दातांकडे बघितलं. मला शेवटी अर्ज मिळाल्याची पोच तेवढी मिळाली. तीही मी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवली. शिक्का गोल आणि स्पष्ट होता.

घरी पोचलो आणि खरा घात झाला. वनमालाने डबा घासायला काढण्यासाठी माझी पिशवी उघडली. बाहेरच्या कप्प्यात ताज्या खर्ऱ्याची पुडी होती. कचेरीबाहेरच्या ठेल्यावरून डोमाजींनी ती तुलनेसाठी म्हणून घेतली होती, साहेबांनी नमुना मागितलाच तर हा घ्या खरा आणि हा बघा आमचा खोटा, असं दाखवायला. मला सांगायला ते विसरले आणि परतल्यावर व्याह्यांच्या संत्र्याच्या बागेत वरूडला निघून गेले. तिथे त्यांचा फोन लागेना. पुडी त्यांचीच असणार, हे मी पाचदा सांगितलं. वनमालाने पुडी दोन बोटांत धरून कचऱ्यात टाकली आणि तेव्हापासून माझ्याशी बोलणं रागिणीमार्फत सुरू झालं. मी समोर बसलेलो असताना ती म्हणायची, "तुया बाबाले सांग, भाकर गार होऊन राहिली."

नागपूरला ती आमच्याबरोबर आली, ती माझ्यावर लक्ष ठेवायला. गाडीत मी रागिणीच्या शेजारी बसलो आणि शेवटचं सांगून पाहिलं. म्हणालो, माझ्या अब्रूचं सोड, ती आता काही उरलेली नाही. पण एवढ्या एका घोटण्यापायी तुझी निवड जाईल आणि तू पुण्याला जाशील. मला ते नको आहे. हे शेवटचं वाक्य मी ठरवून बोललो नव्हतो. रागिणीने खिडकीतून नजर काढून माझ्याकडे पाहिलं. मान मात्र नाहीचीच हलवली.

मेळा एका मोठ्या हॉलमध्ये होता. खुलाशाच्या टेबलामागे तिघं जण बसले होते. मधल्या बाईंच्या कपाळावरच्या आठ्या बघून मला आमच्या लेखापरीक्षकांची आठवण झाली. त्यांनी यंत्र हातात घेतलं, सावरीला दोन खड्डे पार करवले, एका राक्षसाचे मधोमध दोन भाग केले आणि यंत्र टेबलावर ठेवलं. सावरी उभी राहिली. तलवार कमरेला गेली. घोटणं सुरू झालं.

"ही काय करते आहे?" बाईंनी विचारलं.

मी फोल्डर उघडला. माझा खुलासा तोंडपाठ होता: सदर हालचाल ही तलवारबाजांनी थंडीत करावयाच्या हातांच्या व्यायामाचा प्राचीन प्रकार असून तिचा तंबाखूशी संबंध नाही. वाक्य चांगलं होतं. मी घसा साफ केला, पण रागिणीने माझ्या दंडावर हात ठेवला.

"मॅडम, ती वाट पाहून राहिली," ती म्हणाली.

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. रागिणी पुढे बोलत राहिली. एरवी बाहेरच्यांशी ती पुण्याच्या मराठीत बोलते, त्या वेळी तिला ते सुचलं नाही.

"हे माह्ये बाबा हायेत. मी पुण्याहून यायची, तवा हे बडनेरा टेसनवर उभे राहत. गाडी कितीबी लेट असो. मले खिडकीतून गर्दीत बाबायचं तोंड आधी दिसत नसे, हे हात दिसत. पयले हातात पन्नी राहे. मंग बाबायनं खर्रा सोडला, मी आली त पन्नी नाई, पण हात तसेच चालू. मले समजलं, हे काई खर्ऱ्याचं नोयच. मानूस कोनाची वाट पाहते तवा असा दिसते, एवढंच मले ठाऊक हाय. खेळणारा उठून गेला त सावरी त्याची वाट पाहून राहिली. मले दुसरं काढता येत नाई."

हॉलमध्ये दुसऱ्या टेबलांवर गेमचे आवाज चालू होते. मी फोल्डरमधल्या शिक्क्याकडे बघत राहिलो, कारण मला मान वर करता येईना. माझे डोळे भरून आले होते, आणि निवृत्त अधीक्षकाने खुलाशाच्या टेबलावर रडू नये असा काही नियम नसला तरी संकेत आहे. बाई बराच वेळ यंत्राला हात न लावता सावरीकडे बघत होत्या. मग त्यांनी शेजारच्या दोघांना काहीतरी विचारलं आणि आम्हाला बाहेर थांबायला सांगितलं.

बाहेर एका बाकावर मी आणि वनमाला बसलो. रागिणी दाराशी उभी होती. बऱ्याच वेळाने वनमाला माझ्याकडे न बघता, पण सरळ मलाच म्हणाली, "ते पुडी कोनाची होती?"

"डोमाजीची."

"मंग तवाच कावून नाई सांगतलं?"

मी पाचदा सांगितलं होतं. पण आता सहाव्यांदा सांगण्यात काही अर्थ नव्हता. मी म्हणालो, चुकलं. तिने डब्यातली दशमी काढून माझ्या हातावर ठेवली. त्यामुळे हात तेवढा वेळ कामात राहिले.

निवड झाली. 'सर्व वयांसाठी' याच विभागात झाली. रागिणीने कागद आणून आधी आईला दाखवला आणि मग मला, आणि आम्ही तिघं त्या बाकाशी नुसते उभे राहिलो. कागदाच्या तळाशी शेरा होता: नायिकेचं उभं राहणं तसंच ठेवावं, मात्र धावणं वयस्कर वाटतं, त्यात सुधारणा करावी. त्या एका ओळीबद्दल मी लेखी हरकत घेणार होतो, मसुदाही तयार होता, पण वनमालाने घेऊ दिली नाही. धावणं आता रूपालीचं आहे. डोमाजींनी परवानगी दिली आणि सुटण्याची घोषणाही केली.

रागिणीने पुण्याला राजीनामा पाठवला. बडनेऱ्याला मला आता कोणासाठी जायचं नसतं. संध्याकाळी वरच्या खोलीत खुर्ची सरकते, मी खाली पेपर वाचतो आणि वनमाला सांगते की माझे हात हल्ली मांडीवर गप्प पडलेले असतात. गेम बाजारात आला आहे. रागिणी म्हणते कुठल्या कुठल्या देशांत लोक तो खेळतात. मी त्यांतल्या कोणाला ओळखत नाही. पण कुठेतरी कोणीतरी खेळ अर्धवट टाकून जेवायला उठतं, कोणाच्या दाराची घंटा वाजते, कोणाला आई हाक मारते, आणि तो परत येईपर्यंत मी त्या पडक्या बुरुजावर, लाल केस वाऱ्यावर सोडून, त्याची वाट बघत उभा असतो.